शालनला पोचलेलं उत्तर

आमच्या फाउंड्रीत हेल्मेटमधला पोपट आला तेव्हा त्याच्या कागदांवर माझीही सही होती. मी ओतकामाचा सुपरवायझर, एकतीस वर्षं नोकरी झालेली, म्हणून कामगारांच्या बाजूनं सही करायला मला बोलावलं होतं. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की मी लांबून बघत होतो.

फाउंड्री कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत आहे. ट्रॅक्टरच्या इंजिनाचे भाग आम्ही ओततो. भट्टी, साचे हलवणारी यंत्रं, कास्टिंग घासणारे ग्राइंडर यांचा आवाज एवढा, की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी निम्मं कळत नाही. त्यात ओतकामावरची अर्धी माणसं ओडिशाची. आमचा कारभार हातवारे आणि शिव्या यांच्यावर चालायचा.

मग कंपनीनं नवी हेल्मेटं आणली. त्यांच्या पट्ट्यात जबड्याला टेकणारं एक बटण होतं. माणूस बोलला की जबड्याचं हाड थरथरतं, ती थरथर हे बटण उचलायचं. बाहेरचा गोंगाट त्यात येतच नव्हता. हेल्मेटमधला छोटा कॉम्प्युटर बोलण्याचा अर्थ लावायचा आणि ज्याच्याशी बोलताय त्याच्या भाषेत, पण तुमच्याच आवाजात, त्याच्या कानात सोडायचा. अर्धा सेकंद उशीर, बस. त्यासाठी प्रत्येकाला वीस मिनिटं कागद वाचायला लावून आवाजाचा नमुना घेतला होता. यंत्राला मोठं इंग्रजी नाव होतं. आम्ही त्याला पोपट म्हणायला लागलो.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. बिपिन साहू नावाच्या पोरसवदा कामगारानं एक अवघड साचा एका दमात भरला. मी खूश होऊन, आमच्याकडं देतात तशी, त्याच्या आईवरनं एक शिवी हासडली आणि म्हणालो, "लेका, नंबर एक काम केलंस!" पोपटानं शब्दाला शब्द लावून ते ओडियात सांगितलं. बिपिननं हेल्मेट खाली ठेवलं, पिशवी उचलली आणि गेटवर जाऊन बसला. त्याच्याबरोबर आणखी चौघं.

मी गेलो, तर त्यानं तोंड फिरवलं. शेवटी माझी बायको शालन गेली. ती आमच्याच फाउंड्रीत कोअर शॉपला होती. साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे तिथं बनतात, तिथं सगळ्या बायकाच. तिनं स्वतःचा डबा बिपिनपुढं उघडून ठेवला आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "ह्यांचं तोंडच तसलंय बाळा. मी सत्तावीस वर्षं ऐकतीय, मी कुठं गेटवर बसले?" त्याला एक अक्षर कळलं नसणार. पण तो जेवला, आणि परत आला.

त्यानंतर कंपनीनं पोपटात आणखी एक भाग सुरू केला. त्याचं नाव सौजन्य. माणसाच्या बोलण्यात दोन गोष्टी असतात, त्याला काय हवंय आणि तो किती तापलाय. पोपट पहिली ठेवायचा, दुसरी गाळायचा. मी "ए, तिकडं काय मरायला थांबलायस?" म्हणालो की पलीकडं ऐकू जायचं, "बिपिन, तिथं धोका आहे, जरा बाजूला याल का?" तेही माझ्याच आवाजात.

शालनला फार मजा वाटली. एकदा घरी मी भाजीवरनं कुरकुर केली, तर म्हणाली, "घरीपण घालत जावा की ते हेल्मेट. तिकडं किती चांगला नवरा मिळतोय मला."

खाडे कमी झाले. नोकरी सोडून जाणारी माणसं थांबली. दरवर्षी कंपनी एक प्रश्न विचारायची, "इथं मला आपलं माणूस समजतात, असं वाटतं का?" पूर्वी शंभरातले एकेचाळीस हो म्हणायचे. दोन वर्षांत त्र्याऐंशी झाले. आमच्या प्लँटच्या प्रमुख मृणाल सरनाईक. वय चाळिशीच्या आत, माणूस सरळ. त्यांनी तो आकडा कँटीनच्या भिंतीवर लावला आणि त्या दिवशी सगळ्यांना जिलेबी दिली. मीही खाल्ली.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत शालन गेली. कोअर शॉपमध्येच, कामावर, सकाळी अकराला दहा कमी असताना. हृदय बंद पडलं.

त्या सकाळी तिनं मला पोपटावरनं हाक मारली होती. बरं वाटत नाही, जरा येऊन जा, म्हणाली. माझ्यापुढं वितळलेलं मेटल ओतायला तयार होतं. मी म्हणालो, आता जमणार नाही, संध्याकाळी बघू. ती "बरं" म्हणाली. पाऊण तासानं मला बोलावणं आलं.

मी नाही म्हटलं हे मला टोचत होतंच. पण खोटं कशाला सांगू, तिचाही राग यायचा. मी येत नाही म्हटल्यावर ही उठून दवाखान्यात का गेली नाही? आमच्या गेटाशेजारीच कंपनीचा दवाखाना, पन्नास पावलांवर. शालन काही दबणारी बाई नव्हती. जुन्या सुपरवायझरनं एकदा अपमान केला, तर तिनं वाळूची पाटी त्याच्या टेबलावर उलटी केली होती. असली बाई गप्प बसून का राहिली? घरी एकटा बसलो की मी तिच्या फोटोला हेच विचारायचो.

आणखी एक गोष्ट. जरिना मुल्लाणी ही शालनची कामावरची मैत्रीण, अठरा वर्षं दोघी शेजारी बसल्या. शालन गेल्यापासून जरिना माझ्याशी बोलायची बंद झाली. ईदेला दरवर्षी येणारा शिरखुर्म्याचा डबा आला नाही. मला वाटलं, तिला आठवण सोसत नसेल.

अकरा महिने गेले. कंपनीला पोपट बाकीच्या तीन प्लँटमध्ये न्यायचा होता. त्याआधी तीन जणांच्या समितीनं तपासणी करायची, त्यात पुन्हा मी. पोपट बोलणाऱ्याचं मूळ बोलणं आणि पलीकडं पोचवलेलं बोलणं, दोन्ही दोन वर्षं जपून ठेवतो. त्यातल्या दोनशे जोड्या ऐकून शेरा लिहायचा होता.

मी सरनाईक मॅडमना म्हणालो, "मला एक दिवस माझ्या पसंतीचा ऐकायचाय."

त्यांना कळलं. "काका, ऐकून त्रास होईल."

"झालेला आहेच की."

त्यांनी आपल्या केबिनमध्ये मला बसवलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

पहिली जोडी सकाळी नऊ पन्नासची. शालन कोअर शॉपच्या सुपरवायझरला, विलास चौगुलेला, म्हणत होती, "भाऊजी, छातीत जड वाटायलंय. हाफ डे द्या." विलासचं मूळ बोलणं लागलं: "वैनी, तुमचं रोजचंच झालंय हे! पन्नास कोअर कमी पडल्यात माझे. जायचं तर जावा, आणि उद्यापण येऊ नका." मग पोचलेलं लागलं. विलासचाच आवाज, लोण्यासारखा: "शालनवहिनी, तुमची काळजी वाटते. पण आज तुमच्याशिवाय काम अडेल. जमेल तेवढं थांबाल का?"

आणि शालन म्हणाली, "बरं भाऊजी. तुम्ही एवढं म्हणताय तर थांबते."

पुढं ऐकलंच नाही. उठलो आणि सरळ कोअर शॉपमध्ये गेलो. विलासला मीच कामाला लावलेलं, माझ्या हाताखाली शिकलेला. त्याची कॉलर धरून त्याला बाहेरच्या पॅसेजमध्ये ओढला, दोघांची हेल्मेटं काढली.

"उद्या येऊ नको म्हणालास तिला?"

कुठल्या दिवसाबद्दल बोलतोय हे विचारायची त्याला गरज पडली नाही.

"अण्णा, म्हणालो. त्या दिवशी डिस्पॅचवाले माझ्या डोक्यावर बसलेले. तोंडातनं गेलं. पण जावा म्हणालो की मी! जावा म्हटलं, त्या गेल्या न्हाईत. मला वाटलं, एवढं काय दुखत नसंल."

"तिला जावा ऐकूच गेलं नाही, विलास."

त्याला समजायला वेळ लागला. मग म्हणाला, "त्यांनी मग तुम्हाला हाक मारली होती न्हवं? तुम्ही काय सांगितलं?"

"संध्याकाळी बघू म्हणालो."

"त्यांना काय ऐकू गेलं?"

मी त्याची कॉलर सोडली.

केबिनमध्ये परत आलो. दुसरी जोडी दहा वाजून पाच मिनिटांची. शालन: "अहो, जरा इकडं येऊन जाता का? बरं वाटंना." मी: "आता? मेटल तयार हाय हितं. तुझं आपलं कायतरी असतंयच. संध्याकाळी बघू."

आणि तिच्या कानात गेलेला माझा आवाज: "शालन, मी येतो. तू बसून घे, काळजी करू नकोस."

"बरं," ती म्हणाली. त्या "बरं"मध्ये केवढा आधार होता, तो मी अकरा महिन्यांनी ऐकला.

मॅडम आत आल्या तेव्हा मी ते सहाव्यांदा लावलं होतं. त्यांनी पोपट बनवणाऱ्या पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला. हे असं का झालं, हे त्यानं सांगितलं, आणि न लपवता सांगितलं. पोपटाला चांगलं बोलायला शिकवलं होतं ते हजारो तासांच्या रेकॉर्डिंगवरून. बँकांची कॉल सेंटरं, हॉटेलं, मोठ्या दवाखान्यांची स्वागतकक्षं. तिथं नाही म्हणताना माणसं नेहमी मागून एक आश्वासन जोडतात. लगेच बघतो, माणूस पाठवतो, काळजी करू नका. पोपट तेच शिकला. नकार गोड करायचा तर त्याला भरवसा जोडायचा. तो भरवसा पाळायचा कुणी, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ज्याच्या नावानं भरवसा दिला त्याला त्याचा पत्ताही नसायचा.

फोन ठेवून मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्हाला हवं ते लिहा. मी थांबवणार नाही."

"लिहीन. आधी कोअर शॉपला ऐकवायचंय."

"सगळ्यांसमोर? तुमचंही?"

"माझंच. विलासचं त्यानं ठरवायचं."

विलासनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, शिफ्ट बदलताना, कँटीनमध्ये कोअर शॉपच्या तेवीस बायका जमल्या. भिंतीवर त्र्याऐंशीचा आकडा तसाच होता. मी उभा राहिलो. भाषण मला येत नाही. म्हणालो, "शालनच्या शेवटच्या दिवसाचं आहे. आम्ही काय बोललो आणि तिला काय ऐकू गेलं ते दोन्ही लावतो." आणि लावलं. आधी विलासचं, मग माझं.

संपल्यावर जरिना उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

"मी तिला म्हटलं होतं, चल, तुला दवाखान्यात घेऊन जाते," ती म्हणाली. "तिचा हात धरून उठवत होते. ती म्हणाली, थांब जरिना, हे यायला लागलेत. पाऊण तास दाराकडं बघत बसली होती, भाईजान. पाऊण तास. मी मनात म्हटलं, येतो म्हणून सांगून न येणारा हा कसला माणूस. अजून तेच म्हणत होते."

मी म्हणालो, "गेलो नाही हे खरंच आहे."

"पण तुम्ही येतो म्हणाला नव्हता."

"नाही."

"न्हाई म्हटलेलं तिला ऐकू गेलं असतं, तर मी तिला ओढत नेली असती हो!" एवढं बोलून ती खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली. मी तिच्याजवळ उभा राहिलो.

मागनं कुणी म्हणालं, "काढून फेका ते पोपट."

लगेच दुसरी उठली. तरुण बाई, दोनच वर्षं झालेली. "काढू नका. मी आधीच्या कारखान्यात रोज रडत घरी जायचे. आता घरची सासू सोडली तर कुणी मला भवाने म्हणत न्हाई." बायका हसल्या. रडता रडता जरिनाही हसली. "पण आता मला कळंना, माझ्याशी चांगलं बोलतंय ते कोण? चौगुलेदादा का यंत्र?"

विलास खाली मान घालून म्हणाला, "निम्मं निम्मं असंल. मलाच ठाव न्हाई. तोंडाला येईल ते बोलायची सवय लागली मला. पलीकडं बरंच पोचतंय म्हटल्यावर कोण जीभ आवरतंय?"

मॅडम आतापर्यंत मागं बसून होत्या. त्या पुढं आल्या आणि भिंतीवरचा कागद काढून घडी घालून खिशात ठेवला. "हे मी केलेलं काम समजत होते," त्या म्हणाल्या. "हेड ऑफिसला आजच कळवते की हा आकडा धरू नका. तुम्ही सांगा, काय करायचं."

बराच गलका झाला. शेवटी जरिनानं डोळे पुसले आणि म्हणाली, "कामाचं बोलणं पोपटातनं चालू द्या. ग्वाड बोलायचं का कडू, ते ज्याचं त्यानं बघावं, यंत्रानं भर घालू नये. पण बरं वाटत न्हाई म्हणून कुणी सांगितलं, तर उत्तर नको. माणूस आला पाहिजे."

"आणि मेटल तयार असलं तर?" विलासनं विचारलं. त्यानं माझ्यासाठी विचारलं होतं.

सगळे मॅडमकडं बघायला लागले. एका वेळचं सहाशे किलो मेटल म्हणजे काय, ते त्यांना पक्कं माहीत होतं. आम्ही त्यात मॅग्नेशियम टाकतो. ते टाकल्यावर दहा मिनिटांत साच्यात ओतावं लागतं. नाहीतर त्याचा गुण उतरतो आणि सगळं परत भट्टीत.

"तर मेटल जाईल," मॅडम म्हणाल्या.

पुण्याच्या इंजिनिअरला तीन आठवडे लागले. हेल्मेट कुठं आहे हे यंत्राला आधीपासून कळायचंच. त्यानं एवढंच केलं, की कुणी तब्येतीचं काही बोललं तर पोपट मधे पडत नाही. सुपरवायझरच्या हेल्मेटच्या काचेवर तांबडा दिवा लुकलुकतो आणि त्या माणसाचं नाव येतं. दिवा बंद करायचं बटण नाही. दोन हेल्मेटं हाताच्या अंतरावर आली की तो आपोआप विझतो. सौजन्याचा भाग बंद केला. समितीच्या कागदावर मी हे सगळं लिहिलं, आणि एवढं असेल तरच बाकीच्या प्लँटमध्ये न्या, असं लिहून सही केली.

पहिले दोन महिने वाईट गेले. भांडणं वाढली. ओडिशाची सहा पोरं दुसरीकडं गेली. विलासला दोनदा माफी मागावी लागली, तीही समोर जाऊन, आणि समोर जाऊन मागायची म्हटल्यावर तो बोलण्याआधी विचार करायला लागला. वर्षाचा प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा हो म्हणणारे अठ्ठावन्न निघाले. मॅडमना वर जाब द्यावा लागला. त्या काय बोलल्या माहीत नाही. पण अठ्ठावन्न त्यांनी भिंतीवर लावला.

त्याच आठवड्यात माझा दिवा लागला.

मॅग्नेशियम टाकून मिनिट झालं होतं. लॅडल, म्हणजे मेटलची मोठी बादली, क्रेनला लटकलेली, आतलं मेटल पांढरं पिवळं. काचेवर तांबडा ठिपका लुकलुकला आणि नाव आलं, बिपिन साहू. तो माझ्याच हाताखाली, पण त्या दिवशी साचे फोडायच्या भागात होता, शेडच्या दुसऱ्या टोकाला. ओतताना सुपरवायझर जागेवर हवाच, तसा नियम आहे आणि तो बरोबर आहे. मी गेलो तर क्रेन थांबणार.

खरं सांगतो, मनात आलं, आठ मिनिटांचं तर काम आहे. पोरगं तरुण आहे. ओतून जाऊ.

क्रेनवाल्याला मूठ दाखवून थांबवलं आणि चालायला लागलो.

बिपिन वाळूच्या ढिगापाशी उलट्या डब्यावर बसला होता. घामानं निथळत होता. हेल्मेट त्यानं काढून मांडीवर ठेवलं होतं. मी त्याच्यापुढं वाकलो तसा दिवा विझला. मीही हेल्मेट काढलं. म्हणजे आता मधे पोपट नव्हता. त्याला मराठी तोडकी, मला ओडिया शून्य, आणि दोघांची हिंदी तशीच.

"छाती दुखती है?" मी स्वतःच्या छातीवर हात ठेवून ओरडलो.

त्यानं मान हलवली. नाही. हात गोल फिरवून दाखवला. चक्कर. मग बोटांनी पोट दाखवलं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्याची नाडी बघितली. जोरात होती, पण सरळ चालत होती. पाण्यात मीठ साखर घालून आणायला एकाला पिटाळलं.

मागं वळून बघितलं तर लॅडल परत भट्टीकडं चालली होती. क्रेनच्या खाली सरनाईक मॅडम उभ्या होत्या, हात वर करून क्रेनवाल्याला स्वतः इशारे देत होत्या. सहाशे किलो मेटल भट्टीत परत गेलं. ठिणग्या उडाल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हातानंच खूण केली, तिथंच थांबा.

बिपिन पाणी प्याला. तोंडावर जरा रंग आला. मी म्हणालो, "चल, दवाखाना."

"अभी नहीं," तो म्हणाला. "थोडा बैठो, चाचा."

मी त्याच्या शेजारी वाळूवर बसलो.